दाखला ऑनलाइन, नियम मात्र दप्तरात

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क शंभर रुपयांवरून पाचशे रुपये केले, तेव्हा दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात येणाऱ्या पालकांमध्ये व विद्यार्थ्यांमध्ये चिंता पसरली. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासोबत जोडावयाच्या प्रतिज्ञापत्रालाही आता पाचशेचा मुद्रांक लागणार, असा अनेकांचा समज झाला. अखेर शासनाला खुलासा करावा लागला, की जात, उत्पन्न, वास्तव्य, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी तसेच शासकीय कार्यालये व न्यायालये यांच्यासमोर दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ आहे. मे २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी हीच सवलत पुन्हा एकदा जाहीर केली. इतकेच नव्हे, तर ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानुसार अशा बहुतेक कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाऐवजी स्वयंसाक्षांकन पुरेसे ठरविण्यात आले आहे.

म्हणजेच सवलत वीस वर्षांपासून होती; ती ज्याच्यासाठी होती त्यालाच ठाऊक नव्हती. मधल्या काळात दाखल्यांचे अर्ज संगणकावर आले, शासन निर्णय संकेतस्थळावर आले आणि दाखल्यावर अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरीही आली. तरीही अर्जासाठी नेमके काय लागते आणि काय लागत नाही, ही माहिती अर्जदारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग फारसा बदलला नाही. ती पूर्वीप्रमाणेच मुद्रांक विक्रेता, अर्ज लिहून देणारा आणि आता केंद्रचालक यांच्या तोंडून मिळते. ऑनलाइन सेवांचे यश मोजताना किती दाखले दिले याचा आकडा सांगितला जातो. त्या सेवेमागचे ज्ञान किती जणांपर्यंत पोहोचले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो विशेष महत्त्वाचा आहे.

अंतराचा प्रश्न

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ असून त्यातील सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. हळद, सोयाबीन, कापूस व तूर ही येथील महत्त्वाची पिके. जिल्हा होण्यापूर्वी जिल्हास्तरावरील कोणत्याही कामासाठी परभणी गाठावी लागे. नव्या जिल्ह्याने हे अंतर कमी केले. तरीही दूरच्या गावातील माणसाला तालुक्याला जाऊन येण्यात दिवस मोडावा लागतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

संकेतस्थळांच्या माध्यमातून मिळणारी सेवा हे अंतर आणखी कमी करील, अशी अपेक्षा होती आणि काही अंशी ती पूर्णही झाली आहे. परंतु फेरी वाचण्यासाठी केवळ अर्ज ऑनलाइन असणे पुरेसे नसते. कोणता कागद लागेल हे आधी कळले नाही, तर गावातील केंद्रातून भरलेला अर्जही त्रुटीसह परत येतो आणि अखेर तालुक्याची वाट धरावीच लागते.

जिल्ह्याला जुन्या दप्तराचा वेगळा वारसाही आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे येथील जुन्या महसुली व शालेय नोंदी उर्दू, मोडी आणि मराठी अशा विविध लिप्यांत आढळतात. पश्चिम महाराष्ट्रात जमिनीच्या जुन्या हक्कासाठी जे अभिलेख पाहिले जातात, त्यांच्या जागी मराठवाड्यात खासरा पत्रक व सेतवार यांचा आधार घ्यावा लागतो. या कागदांची नावे, ती कोणत्या कार्यालयात मिळतात आणि त्यांतील नोंदी कशा वाचायच्या, हे जाणणारी माणसे प्रत्येक तालुक्यात मोजकीच असतात. माहिती मोजक्या माणसांकडे राहिली की तिला किंमत येते. ही किंमत बहुधा गरजूलाच मोजावी लागते.

वारणेपासून ‘आपले सरकार’पर्यंत

शासकीय कामकाजात संगणकाचा प्रवेश जुना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली आणि १९८० च्या दशकात देशभरातील जिल्हा मुख्यालये त्याच्या जाळ्याशी जोडली जाऊ लागली. मात्र हे जाळे प्रामुख्याने खालच्या कार्यालयाने वरच्या कार्यालयाला माहिती कळविण्यासाठी होते. नागरिकाला त्यात स्थान नव्हते.

ग्रामस्थांना माहिती देण्याचा राज्यातील पहिला गाजलेला प्रयोग १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात झाला. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्यात आली. हवामान, बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय योजना अशी बहुविध माहिती देण्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती शिल्लक आहे आणि बिल कधी निघणार हे पाहण्यासाठी. पुढे २००६ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल संदेशाद्वारे हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो शेतकऱ्यांना सोयीचा वाटला. सर्वसाधारण माहितीच्या भांडारापेक्षा स्वतःच्या नोंदीविषयीचे अचूक उत्तर माणसाला अधिक हवे असते, हा वारणेचा धडा आजही उपयोगी आहे.

त्यानंतर तहसील कार्यालयांत ‘सेतू’ केंद्रे आली. एकाच खिडकीवर अर्ज देऊन दाखला घ्यायचा, ही त्यामागची कल्पना होती. १८ मे २००६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय ई-शासन योजनेला मंजुरी दिली आणि गावोगावी सामाईक सेवा केंद्रे उभारण्याचे धोरण आखले. महाराष्ट्रात ती ‘महा ई-सेवा केंद्र’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतीत संगणक व चालक आले, तर २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ ही त्याची पुढची पायरी ठरली. जानेवारी २०१५ मध्ये तक्रार निवारणासाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळ सुरू झाले होते. लोकसेवा हक्क कायदा झाल्यानंतर त्याच नावाने सेवांचे संकेतस्थळही कार्यान्वित झाले.

या प्रवासात खिडकी बदलली, खिडकीपलीकडचा माणूस बदलला. मात्र प्रत्येक टप्प्यावर भर राहिला तो अर्ज स्वीकारण्यावर. अर्जदाराला नियम समजावून सांगणे, त्याची नोंद त्याला दाखविणे आणि नकाराचे कारण देणे ही कामे मागे पडत गेली.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

वास्तविक माहिती स्वतःहून देणे ही कार्यालयाची मर्जी नसून कायदेशीर जबाबदारी आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आलेल्या माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती आपणहून प्रसिद्ध करावयाची आहे. त्यात कार्यालयाची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, कामासाठी वापरले जाणारे नियम व सूचना, अधिकाऱ्यांची सूची, अनुदान योजनांची अंमलबजावणी व लाभार्थींचा तपशील यांचा समावेश आहे. ही माहिती इंटरनेटसह विविध माध्यमांतून द्यावी, ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही कायदा सांगतो. याच कलमात प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळविण्याची तरतूद आहे. नागरिकाला माहितीसाठी अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हा या कलमाचा हेतू आहे.

दुसरा आधार महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याचा. २८ एप्रिल २०१५ पासून तो लागू आहे. प्रत्येक प्राधिकरणाने आपण देत असलेल्या सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील अधिकारी हे अधिसूचित करून सूचनाफलकावर व संकेतस्थळावर प्रदर्शित करावयाचे आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र यांसाठी महसूल विभागाने १५ दिवसांची मुदत अधिसूचित केली. अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी कळविणे, अपिलाची मुदत व अपील अधिकाऱ्याचे नाव-पदनाम सांगणे बंधनकारक आहे. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. पुरेशा कारणाविना सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठवाड्यासाठी आयोगाचे विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

हे दोन्ही कायदे एकत्र वाचले, तर संकेतस्थळ ही केवळ अर्जाची पेटी असू शकत नाही, हे स्पष्ट होते. नियम, मुदत, जबाबदार अधिकारी आणि नकाराचे कारण हे चारही घटक तेथे दिसलेच पाहिजेत.

दोन कर्जमाफ्यांचा धडा

माहितीच्या देवाणघेवाणीने किती फरक पडतो, याचे ठळक उदाहरण राज्यातील दोन कर्जमाफी योजनांत आढळते. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ होणार होते. त्यासाठी शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरावयाचा होता. कर्जखाते, बँक, आधार, कुटुंबीयांचा तपशील अशी माहिती केंद्रावर जाऊन द्यावी लागली. केंद्रांसमोर रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली. पुढे अर्जांतील माहिती आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ घालताना बराच काळ गेला. शेतकऱ्याला आपला अर्ज नेमका कुठे अडला हे कळणे कठीण झाले. कर्जाची जी माहिती बँकेकडे आधीच होती, तीच शेतकऱ्याकडून पुन्हा मागविल्याने हा घोळ वाढला.

२७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने आलेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा ठेवण्यात आला. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची माहिती थेट बँकांकडून घेतली गेली. प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक देऊन याद्या बँकेत, ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर व चावडीवर लावण्यात आल्या. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचे, रक्कम बरोबर असल्यास मान्यता द्यायची आणि चुकीची असल्यास तक्रार नोंदवायची. ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाणार होती. २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यादीत ६८ गावांतील १५ हजार ३५८ खाती होती.

दोन्ही योजनांत संगणक, आधार आणि केंद्रे तीच होती. फरक होता तो माहितीच्या दिशेचा. पहिल्या वेळी शासनाने शेतकऱ्याला ‘तुमची माहिती द्या’ असे सांगितले. दुसऱ्या वेळी शासनाने आपल्याकडील माहिती शेतकऱ्यापुढे ठेवून ‘ही बरोबर आहे का?’ असे विचारले. दुसऱ्या पद्धतीत चूक सापडण्याची शक्यता अधिक असते, कारण आपल्या नोंदीतील चूक त्या शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला लवकर दिसत नाही.

चावडी पडद्यावर

जमिनीच्या अभिलेखांच्या बाबतीत राज्याने या दिशेने उल्लेखनीय काम केले आहे. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचे एकत्रित रूप. सात मध्ये हक्काची, तर बारा मध्ये पिकांची नोंद असते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास सुरुवात झाली. पंधरा रुपये शुल्क भरून तो कोठूनही घेता येतो, तर केवळ पाहण्यासाठीचा उतारा ‘महाभूलेख’वर विनाशुल्क दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’द्वारे शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करण्याची सोय झाली.

यापेक्षाही कमी चर्चेत आलेली, परंतु अधिक महत्त्वाची सोय म्हणजे ‘आपली चावडी’. जमिनीची खरेदी, वारसनोंद, वाटणी, बोजा अशा कोणत्याही कारणाने फेरफार घेताना हितसंबंधितांना नोटीस देऊन पंधरा दिवसांत हरकत घेण्याची संधी द्यावी लागते. ही नोटीस चावडीवर लावण्याची प्रथा आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे-मुंबईला गेलेल्या, किंवा ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असलेल्या माणसाला चावडीवरचा कागद दिसण्याची शक्यता नसते. बहिणीचे नाव वगळून झालेली वारसनोंद किंवा परस्पर झालेली खरेदी अनेकदा मुदत उलटल्यावरच उघडकीस येते. आता जिल्हा, तालुका व गाव निवडले, की त्या गावातील प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा, गट क्रमांक आणि हरकतीची अंतिम तारीख पडद्यावर पाहता येते. गावी जमीन असलेल्या शहरी वाचकांनी या सोयीचा नियमित उपयोग करायला हवा. मुदतीत हरकत नोंदविली, तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन त्यावर सुनावणी होते. नोंद प्रमाणित झाल्यावर मात्र अपिलाचा लांबचा मार्ग धरावा लागतो.

जुन्या नोंदी, नवा शोध

जातीच्या दाखल्यासंबंधी माहितीचा अभाव अधिक जाचक ठरतो, कारण तेथे प्रवेशाची किंवा नोकरीची तारीख डोक्यावर असते. अर्जदाराच्या कुटुंबाचे त्या प्रवर्गासाठी ठरविलेल्या दिनांकापूर्वी महाराष्ट्रात वास्तव्य असावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी व औंढा परिसरात, आंध या आदिवासी जमातीची वस्ती आहे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही कळमनुरीत आहे. या कुटुंबांना १९५० पूर्वीचा पुरावा शोधायचा म्हणजे थेट निजामी राजवटीतील कागद शोधावे लागतात. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे शाळेचा जुना दाखला असण्याची शक्यताच नसते. अशा वेळी जन्म-मृत्यूची जुनी नोंद, खासरा पत्रक, जुना फेरफार किंवा रक्ताच्या नात्यातील व्यक्तीचे वैधता प्रमाणपत्र उपयोगी पडू शकते. हा मार्ग वेळेवर कळणे हेच निम्मे काम असते.

जुन्या नोंदी खुल्या करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्ताने झाला. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या मागणीच्या पार्श्वभूमीवर ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. महसूल, शिक्षण, भूमी अभिलेख, पोलिस, कारागृह अशा अनेक विभागांतील जुनी दप्तरे तपासण्यात आली. उर्दू व मोडी जाणकारांची मदत घेण्यात आली आणि आढळलेल्या नोंदी जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे चौकशी करण्यासाठी गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांची समिती ठरविण्यात आली.

आरक्षणाच्या वादाविषयी मतभेद तीव्र आहेत आणि ते न्यायालयांतही पोहोचले आहेत. परंतु त्या वादापलीकडे एक गोष्ट यातून सिद्ध झाली. इच्छाशक्ती असेल, तर तालुक्याच्या अभिलेख कक्षातील गाठोडी सोडून, त्यांतील लिपी वाचून, त्या नोंदी घरबसल्या पाहण्याजोग्या करता येतात. मग हीच पद्धत केवळ एका समाजाच्या नोंदीपुरती का मर्यादित असावी? आंध, बंजारा, धनगर किंवा अन्य कोणत्याही कुटुंबाला आपल्या आजोबांची नोंद तितक्याच सहज सापडायला हवी. जुन्या खासरा पत्रकांचे व जन्म-मृत्यू नोंदवह्यांचे गावनिहाय, शोधता येण्याजोगे संकलन झाले, तर दाखल्यांच्या कामातील मोठा अडथळा दूर होईल.

नियम बदलला, रांग तशीच

माहिती उशिरा पोहोचल्याचे परिणाम २०२४ च्या पावसाळ्यात संपूर्ण राज्याने पाहिले. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. दरमहा १,५०० रुपयांच्या लाभासाठी सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला मागण्यात आला आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत ठेवण्यात आली. साहजिकच तहसील कार्यालये व सेवा केंद्रांसमोर महिलांची प्रचंड गर्दी झाली. लगेचच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात अटी शिथिल करण्यात आल्या. अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल, पिवळे वा केशरी रेशनकार्ड असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, पाच एकर जमिनीची अट रद्द आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत, असे हे बदल होते.

बदललेला शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध होता. परंतु पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हातात तो नव्हता. घरात पिवळे रेशनकार्ड असतानाही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिवस आणि पैसे खर्च झाले, तर त्याला सुविधा म्हणता येणार नाही. नियम बदलताच प्रत्येक केंद्राच्या दारावर एक पानाचा फलक लागला असता, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीपर्यंत तोच मजकूर साध्या भाषेत गेला असता, तर बरीच धावपळ टळली असती.

अडथळे कोठे आहेत?

पहिला अडथळा भाषेचा व स्वरूपाचा आहे. राज्याच्या शासन निर्णयांचे संकेतस्थळ हा एक मोठा ज्ञानसाठा आहे. प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो आणि विभाग, दिनांक वा शब्द यांवरून शोध घेता येतो. परंतु मूळ निर्णय, त्यानंतरचे शुद्धिपत्रक, पूरकपत्र आणि सुधारणा हे सर्व स्वतंत्र कागद असतात. आज नेमका कोणता नियम लागू आहे हे ठरविण्यासाठी ते सर्व एकत्र ठेवून वाचावे लागतात. युनिकोडपूर्व काळातील अनेक दस्तऐवज जुन्या फॉन्टमध्ये किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात असल्याने त्यांत शब्दाने शोध घेता येत नाही. शिवाय ‘उपरोक्त संदर्भाधीन’ अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य सामान्य माणसासाठी लिहिलेले नसते.

दुसरा अडथळा मध्यस्थाचा. ग्रामीण भागात बहुसंख्य लोक संकेतस्थळ स्वतः उघडत नाहीत. केंद्रचालकच त्यांच्या वतीने ते उघडतो. अर्जाचा क्रमांक त्याच्या संगणकात, संदेश कधी कधी त्याच्याच मोबाइलवर आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. चालक प्रामाणिक असला तरी अर्जदार त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून होतो. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा योजना सुरू झाली, तेव्हा केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळणार असल्याने शेतकऱ्याने एक रुपयापेक्षा अधिक देऊ नये, असे कृषी विभागाला वारंवार सांगावे लागले. २०२५ च्या खरिपापासून ही एक रुपयाची सवलत बंद झाली. मात्र दरपत्रक ठाऊक नसलेल्या ग्राहकाची अडचण संपली नाही.

तिसरा अडथळा संकेतस्थळांच्या देखभालीचा. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे नाव, जुना दूरध्वनी क्रमांक, संपलेल्या योजनेचे पान हे दोष देशभरातील शासकीय संकेतस्थळांवर आढळतात. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांच्या मूल्यमापनासाठी जे सात मुद्दे ठरविले, त्यात संकेतस्थळ हा एक होता. हे योग्य पाऊल होते. परंतु अद्ययावतता ही मोहिमेपुरती राहून चालणार नाही. त्यासाठी प्रत्येक कार्यालयात नाव ठरवून दिलेला जबाबदार कर्मचारी असायला हवा.

इतरांचे अनुभव

हाच प्रश्न इतरांनी कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक आहे. मध्य प्रदेशातील धार या आदिवासीबहुल जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, जमिनीचे उतारे व तक्रारी यांची सोय गावातील केंद्रावर करणाऱ्या या प्रकल्पाला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. मात्र वीजपुरवठा, जोडणी आणि अधिकाऱ्यांचा पुढे कमी झालेला सहभाग यांमुळे तो जोम टिकला नाही. ब्रिटनने २०१२ मध्ये विविध खात्यांची संकेतस्थळे एका ठिकाणी आणताना साध्या भाषेतील लेखनासाठी स्वतंत्र संपादक नेमले. एस्टोनियाने २००१ पासून खात्यांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या आणि शासनाकडे असलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व स्वीकारले. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेले डिजिलॉकर आणि पात्रतेनुसार योजना सुचविणारे २०२२ मधील ‘मायस्कीम’ संकेतस्थळ याच दिशेने जातात.

हिंगोलीसाठी यातून घेण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत. मागणी अधिक असलेल्या वीस-पंचवीस सेवांचे प्रत्येकी एक पान साध्या मराठीत तयार करता येईल. त्यात लागणारे व न लागणारे कागद, शुल्क, मुदत, जबाबदार अधिकारी आणि लागू शासन निर्णयाचा दिनांक असावा. अर्ज कोणत्या कारणांनी अधिक प्रमाणात परत येतात, याची तालुकानिहाय यादी दर महिन्याला जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करता येईल. अर्जदारांची नावे न देताही हे शक्य आहे. एका तहसीलमध्ये ज्या शंकेचे निरसन झाले, ते उत्तर उरलेल्या चारही तहसीलांतील कर्मचाऱ्यांना व केंद्रचालकांना त्याच दिवशी वाचता आले, तर एकाच प्रश्नाला पाच ठिकाणी पाच उत्तरे मिळणार नाहीत. हीच पाने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास मोबाइल नसलेल्यालाही त्यांचा उपयोग होईल.

नागरिकांनी काय पाहावे?

दाखल्यासाठी अर्ज करताना स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा आणि अर्जाचा क्रमांक असलेली पावती मागून घ्यावी. केंद्रातील दरपत्रक पाहूनच पैसे द्यावेत. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक मागितला गेल्यास १ जुलै २००४ च्या आदेशाचा, तर साक्षांकित प्रती मागितल्या गेल्यास ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाचा उल्लेख करावा. अर्ज परत आल्यास तोंडी कारणावर समाधान न मानता लेखी कारण व अपील अधिकाऱ्याचे नाव मागावे. अपिलाची ३० दिवसांची मुदत लक्षात ठेवावी. गावी जमीन असल्यास ‘आपली चावडी’वरील नोटिसा महिन्यातून किमान दोनदा तपासाव्यात, कारण हरकतीची मुदत पंधरा दिवसांचीच असते.

२००४ च्या मुद्रांकमाफीला नागरिकांपर्यंत पोहोचण्यास वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत विकत घेतलेल्या प्रत्येक अनावश्यक मुद्रांकाचे शंभर रुपये कोणाच्या तरी मजुरीतून, कोणाच्या तरी शिष्यवृत्तीच्या आशेवर काढलेल्या उसनवारीतून गेले आहेत. पुढचा नियम इतका काळ अडून राहू नये, यासाठी संकेतस्थळावरील प्रत्येक सेवेसोबत तिचा नियमही तितक्याच ठळकपणे दिसणे आवश्यक आहे.